आषाढात मारलेला प्रायमर: एका शर्मन रणगाड्याच्या रंगकामाचं प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातले गृहस्थ साताऱ्याचे. सरकारी खात्यात आरेखक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले, वय सदुसष्ट. नाव देत नाही. मी त्यांना काका म्हणतो, इथेही तेच म्हणतो. निवृत्तीनंतर त्यांनी प्लॅस्टिकच्या मॉडेलचा छंद धरला. आधी दोन विमानं केली, मग एक जीप. आयुष्यभर नकाशांवर रेघा ओढलेल्या या माणसाचा हात विलक्षण स्थिर आहे. जोडकामात त्यांच्याकडून मी शिकतो, रंगकामात ते मला विचारतात, असं आमचं नातं.

काकांचे वडील दुसऱ्या महायुद्धात ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीत होते. ही पलटण ८व्या भारतीय डिव्हिजनबरोबर इटलीत लढली. सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजी केलेल्या पराक्रमासाठी ज्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ते नामदेव जाधव याच पलटणीचे. त्याच्या आदल्या वर्षी, ११ मे १९४४ च्या रात्री, या डिव्हिजनने कॅसिनो गावाजवळ गारी नदी ओलांडायला सुरुवात केली, तेव्हा पाठबळाला १ल्या कॅनेडियन आर्मर्ड ब्रिगेडचे शर्मन रणगाडे होते. तिथे टाकलेल्या पुलांपैकी 'प्लिमथ' हा पूल तर एका रणगाड्याच्या पाठीवर लादून आणि मागून दुसऱ्या रणगाड्याने रेटत नदीपर्यंत नेला होता.

वडील युद्धाबद्दल फार बोलत नसत. काकांना त्यांच्या दोनच गोष्टी आठवतात. एक, इटलीतली उन्हाळ्यातली धूळ: "पिठाच्या गिरणीतून बाहेर पडल्यासारखे दिसायचो सगळे." दुसरी, एकदा रणगाड्याच्या पाठीवर बसून केलेला प्रवास आणि इंजिनावरच्या लोखंडी जाळीची पाठीला लागलेली ऊब. या दुसऱ्या गोष्टीसाठी काकांनी शर्मन करायचं ठरवलं. वडिलांची तिथी पितृपक्षातल्या पंचमीची. त्या दिवशी गावच्या घरी सगळे भाऊबंद जमतात. फोटोखालच्या फळीवर काचेच्या पेटीत तो रणगाडा असावा, एवढीच त्यांची इच्छा.

किट १:३५ मापाचं, एम४ए४ चं, म्हणजे ब्रिटिश आणि राष्ट्रकुल सैन्यात ज्याला 'शर्मन ५' म्हणत त्याचं. सहा सहा सिलिंडरची पाच इंजिनं एकत्र जोडून केलेलं अजब यंत्र मागे बसवायचं म्हणून या प्रकाराचा सांगाडा इतर शर्मनपेक्षा लांब झाला. मापात तो सव्वासतरा सेंटिमीटरच्या आसपास भरतो. ओतीव बुरुजाचा (तोफ बसवलेल्या वरच्या फिरत्या भागाचा) खरबरीत पोत, पुढच्या तीन तुकड्यांच्या आवरणावरचे बोल्ट, वेल्डिंगचे वळ असं सगळं या किटमध्ये फार सुंदर उतरलेलं होतं. ते पुढे महत्त्वाचं ठरलं, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

मार्च महिन्यात काकांचा फोन आला: "प्रायमर कुठला आणू?" प्रायमर म्हणजे रंगाच्या आधी मारायचा अस्तराचा थर. परदेशी बनावटीचे प्रायमरचे स्प्रे कॅन इथे सहज मिळत नाहीत. ज्वालाग्राही आणि दाबाखालचा माल विमानाने पाठवायला बंधनं असतात. मी सांगितलं, "गाड्यांच्या रंगाच्या दुकानात राखाडी प्रायमरचा कॅन मिळतो, तो चालेल. मी वापरलाय." ते खरंच होतं. मी तो फेब्रुवारीत, पुण्यात, कोरड्या हवेत वापरला होता. हे शेवटचं वाक्य मात्र मी काकांना सांगितलं नाही.

अडचण

काकांचं जोडकाम जूनअखेर संपलं. पितळी पत्र्याच्या दिव्यांच्या जाळ्या, तोफेची धातूची नळी, ठिकठिकाणी भरलेली पुट्टी, यांमुळे मॉडेल चार रंगांचं दिसत होतं. अशा वेळी प्रायमर दोन कामं करतो. पितळ, धातू, पुट्टी आणि प्लॅस्टिक या सगळ्यांवर वरचा रंग धरून राहील असा एकसारखा थर देतो. आणि सगळं एका राखाडी रंगाचं झालं की राहिलेल्या फटी आणि ओरखडे उघडे पडतात. म्हणून मी प्रायमरला रंगकामाची पहिली पायरी म्हणण्यापेक्षा जोडकामाची शेवटची तपासणी म्हणतो.

जुलैतली संध्याकाळ. दिवसभराचा पाऊस नुकताच थांबलेला. काकांनी गॅलरीत वर्तमानपत्र अंथरलं आणि कॅन हलवून फवारणी केली. रंग ओघळेल या भीतीने कॅन हातभर लांब धरला. पहिला हात फिका वाटला म्हणून लगेच दुसरा, मग तिसरा.

सकाळी तीन गोष्टी दिसल्या. सपाट पृष्ठभागांवर दुधाळ, पांढुरके डाग उमटले होते. दोन्ही बाजूंना हात लावला तर वॉटर पेपरसारखं खरखरीत लागत होतं. आणि पुढच्या आवरणाचे बोल्ट अर्धे बुजले होते.

दुधाळपणाचं कारण हवेतलं पाणी. कॅनमधला सॉल्व्हंट, म्हणजे रंग पातळ ठेवणारा द्रव, झपाट्याने उडतो आणि उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो. पृष्ठभाग दवबिंदूच्या खाली थंड झाला की हवेतली वाफ ओल्या थरावर दवासारखी जमते आणि रंगाच्या आत अडकते. नंतर मी त्याच गॅलरीत, तशाच संध्याकाळी, आर्द्रतामापक ठेवून पाहिला. तापमान २६ अंश, आर्द्रता ८८ टक्के. या हवेचा दवबिंदू २४ अंशांच्या जरासा खाली येतो. म्हणजे पृष्ठभाग जेमतेम दोन अंशांनी थंड व्हायचा अवकाश. स्प्रे कॅनच्या फवाऱ्याला दोन अंश म्हणजे काहीच नाही.

खरखरीतपणाचं कारण वेगळं. कॅन पंचेचाळीस-पन्नास सेंटिमीटर लांब धरला की रंगाचे थेंब हवेतच अर्धे सुकतात आणि मॉडेलवर पसरण्याऐवजी कणांसारखे चिकटतात. अंतर वीस-पंचवीस सेंटिमीटर हवं होतं.

यानंतर जे झालं ते मला सगळ्यात जास्त लागलं. चूक आपणच निस्तरावी म्हणून काकांनी हार्डवेअरच्या दुकानातून एनसी थिनर आणलं, फडक्यावर घेतलं आणि मागचा डावा कोपरा पुसला. या थिनरमध्ये पॉलिस्टायरीनला, म्हणजे किटच्या प्लॅस्टिकला, विरघळवणारे घटक असतात. दोन-तीन सेकंदांत प्लॅस्टिक मऊ झालं आणि कोपऱ्यावर बोटाचा ठसा खोल उमटला. मग त्यांनी मला फोन केला. आवाज शांत होता. "तू म्हणशील तर राहू देतो," म्हणाले.

समोरचे पर्याय

पुढच्या रविवारी मी साताऱ्याला गेलो. पंचमीला नऊ आठवडे होते. टेबलावर मॉडेल ठेवून आम्ही जवळजवळ दोन तास नुसतं बोललो. मला आजही वाटतं की या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा वेळ तो होता, कारण तोवर जे काही झालं ते घाईने झालं होतं.

पहिला पर्याय काकांनीच मांडला: यावरच रंग चढवू, चिखल आणि धूळ दाखवून झाकू. तो पूर्ण चुकीचा नव्हता. खालच्या सांगाड्यावर, चाकांच्या मागे, खरखरीतपणा चिखलात खपतो. पण वरचा उतरता पत्रा आणि बुरुज हा मॉडेलचा चेहरा. तिथे ओघळ आणि सांधे ठसठशीत दाखवण्यासाठी पातळ तेलरंग सोडावा लागतो. खरखरीत पृष्ठभागावर तो सांध्यात न जाता प्रत्येक कणाभोवती साचतो आणि सगळीकडे मळकट डाग पडतात. दोष झाकायला जावं आणि तोच उठून दिसावा, असं होतं.

दुसरा पर्याय वॉटर पेपरचा. हजार नंबरचा, मग पंधराशेचा कागद पाण्यात भिजवून घासायचं. सपाट पत्र्यावर हा उत्तम उपाय आहे. पण बुरुजावरचा ओतीव पोत प्रायमरबरोबर तोही घासला जाणार, बोल्टची डोकी सपाट होणार आणि पितळी जाळ्या पहिल्या फटक्याला वाकणार.

तिसरा पर्याय नवीन किट. काकांचा मुलगा एका दिवसात पैसे भरायला तयार होता. काका नको म्हणाले. तीन महिने त्यात घातले होते आणि वडिलांसाठी करायला घेतलेली वस्तू टाकून देणं त्यांना पटत नव्हतं. हे कारण तांत्रिक नाही, पण निर्णय घेताना ते वजनाचं होतं आणि मी ते तसंच धरलं.

चौथा पर्याय प्रायमर काढून टाकण्याचा. कशाने काढायचा हा खरा प्रश्न. गाडीचं ब्रेक ऑइल काहीजण वापरतात. त्याने रंग सुटतो, पण हाताळायला ते त्रासाचं, त्वचेला वाईट आणि सांध्यांत शिरलं की धुऊन निघत नाही. डेटॉलमध्ये बुडवून ठेवणं ही जुनी युक्ती, पण त्यात सुटलेला रंग चिकट लोण्यासारखा होतो आणि बारीक नक्षीत अडकून बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल पॉलिस्टायरीनला इजा करत नाही आणि मागे काही न ठेवता उडून जातं. इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीवाल्यांकडे ते मिळतं. मात्र गाड्यांचा प्रायमर त्याला दाद देईल की नाही, हे करून पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं.

म्हणून आधी चाचणी. सांगाड्याच्या तळावर, जो कुणाला कधीच दिसणार नाही, अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा चिकटपट्टीने दाबून ठेवला आणि वर प्लॅस्टिक गुंडाळलं. आम्ही जेवलो. अडीच तासांनी बोळा काढला तर प्रायमर सुरकुतला होता आणि जुन्या टूथब्रशने सुटत होता. थर जेमतेम आठवड्याचा होता, पूर्ण कडक झालेला नव्हता, हे नशीब. तोच महिनाभर तसाच राहिला असता तर इतक्या सहज सुटला नसता असं मला वाटतं.

ठरलं ते असं: बुरुज आणि वरचा सांगाडा पूर्ण उघडा करायचा. खालच्या बाजू फक्त वॉटर पेपरने हलक्या घासून तशाच ठेवायच्या. चाकांना हातही लावायचा नाही. सगळंच नव्याने करायचा मोह मला होत होता. काकांनी तो आवरला: "जिथं नडतंय तिथंच खणायचं." चाळीस वर्षं बांधकामाचे नकाशे काढलेल्या माणसाचं हे म्हणणं बरोबर होतं.

केलेली कामं

झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात अल्कोहोल ओतून भाग तीन तास बुडवले, खिडक्या उघड्या, गॅस बंद, हातात रबरी मोजे. मग टूथब्रश, आणि कोपऱ्यांसाठी टोक काढलेली बांबूची काडी. दोन दिवसांत तीन वेळा हे केलं. अपेक्षेप्रमाणे फेव्हिक्विकने चिकटवलेल्या पितळी जाळ्यांपैकी तीन सुटल्या. त्या डब्याच्या तळाशी सापडाव्यात म्हणून पाणी, अल्कोहोल काहीही ओतून देताना आधी चहाच्या गाळणीतून गाळायचं हा नियम काकांनी घातला. त्याने तिन्ही वाचल्या.

उघडं झालेलं प्लॅस्टिक पाहून दोघांनाही हायसं वाटलं. बुरुजाचा पोत शाबूत होता. पुढच्या आवरणावरचे बोल्ट परत दिसू लागले. उजव्या टोकाचे दोन मात्र राहिले. पहिल्याच दिवशी काकांनी ते नखाने खरवडून पाहिले होते. त्यांच्या जागी प्लॅस्टिकच्या बारीक सळीच्या चकत्या कापून लावल्या. विरघळलेल्या कोपऱ्यात पुट्टी भरून घासलं, तरी तिथला पत्रा किंचित लाटेसारखा राहिला. त्याचा निकाल पुढे लावू असं ठरवून आम्ही तो विषय बाजूला ठेवला.

आता परत प्रायमर, आणि बाहेर तोच पावसाळा. इथे आम्ही तीन गोष्टी बदलल्या.

पहिली, माल. या वेळी मी एअरब्रश (कंप्रेसरच्या हवेने रंग फवारणारं छोटं साधन) नेला आणि बाटलीतला लॅकर, म्हणजे सॉल्व्हंटवर आधारलेला प्रायमर, मिस्टर सर्फेसर १२००. त्यात त्याच कंपनीचं लेव्हलिंग थिनर मिसळलं. या थिनरमध्ये सुकणं लांबवणारा घटक असतो. सॉल्व्हंट सावकाश उडाला की पृष्ठभाग तेवढा थंड पडत नाही, आणि थेंबाला पसरून सपाट व्हायला वेळ मिळतो. म्हणजे दुधाळपणा आणि खरखर या दोन्हींवर एकच औषध. पाण्यावर आधारलेला प्रायमर घ्यावा का, यावरही बोलणं झालं. काकांच्या घरात लहान नात आहे, त्यामुळे वास नसलेला माल मला आवडला असता. पण तसला प्रायमर दमट हवेत पूर्ण पक्का व्हायला फार वेळ घेतो आणि मध्येच घासला तर पापुद्र्यासारखा सोलून निघतो. आम्हाला घासावं लागणार हे नक्की होतं. शेवटी लॅकरच, पण घरात नाही. गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, रासायनिक वाफा अडवणारा मुखवटा लावून, आणि नात त्या दिवशी आत्याकडे.

दुसरी, पेटी. एका मोठ्या खोक्यात चाळीस वॅटचा पिवळा दिवा लावून काकांनी उबदार पेटी केली. २६ अंश आणि ८८ टक्के आर्द्रतेची हवा दहा अंशांनी तापवली की तिची आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास येते. पाणी तेवढंच, पण हवेची धरून ठेवायची ताकद वाढते. धुतलेलं मॉडेल त्यात दोन दिवस वाळलं. फवारणीआधीही ते अर्धा तास त्यात ठेवलं, म्हणजे पृष्ठभाग मुळातच कोमट आणि दवबिंदूपासून लांब. ओला रंग लगेच या पेटीत ठेवायचा नाही, कारण सॉल्व्हंटची वाफ आणि तापलेला दिवा एका खोक्यात कोंडणं धोक्याचं आहे. आधी तासभर बाहेर, मग आत.

तिसरी, वाट पाहणं. आर्द्रतामापक शेडमध्ये टांगला आणि ६५ टक्क्यांच्या वर काटा असेल तोवर एअरब्रश हातात घ्यायचा नाही असं ठरवलं. सहा दिवस काटा खाली आला नाही. मी पुण्याला परत आलो होतो. काका रोज सकाळ-दुपार-संध्याकाळचा आकडा कळवत. सातव्या दिवशी उघडीप मिळाली. अकराच्या सुमाराला ३० अंश, ६२ टक्के. दवबिंदू २२ च्या आत, म्हणजे आठ अंशांची मोकळीक. मी सकाळचा आकडा ऐकूनच निघालो होतो.

आधी प्लॅस्टिकच्या चमच्यावर फवारून पाहिलं. बरं झालं. तिसऱ्या फवाऱ्याला नळीतून पाण्याचा थेंब उडाला. कंप्रेसर दमट हवा दाबतो तेव्हा तिच्यातलं पाणी नळीत जमतं. ते अडवणारी काचेची बाटली भरत आली होती आणि पुण्याहून निघताना मी ती बघितली नव्हती. चमचा वाया गेला, बुरुज वाचला. बाटली रिकामी केली, दर दहा मिनिटांनी रिकामी करत राहिलो. दाब पंधरा ते अठरा पीएसआय, अंतर आठ-दहा सेंटिमीटर, तीन पातळ हात, प्रत्येक हातानंतर पंधरा मिनिटं. पहिल्या हातात मॉडेल पूर्ण झाकलं गेलंच पाहिजे असा हट्ट सोडला. तो धुक्यासारखा बसू दिला.

दुपारी दोनला काकांनी बुरुजावर अंगठा फिरवला आणि काही न बोलता माझ्याकडे सरकवला. अंड्याच्या कवचासारखं लागत होतं.

रंगाचा प्रश्न

रंग एकच: ऑलिव्ह ड्रॅब. अमेरिकेत बनलेले शर्मन कारखान्यातून याच रंगात येत. पण एकाच रंगाचं वाहन हे तीन रंगांच्या छद्मावरणापेक्षा (कॅमफ्लाजपेक्षा) अवघड असतं. डोळ्याला धरायला काही नसतं आणि मॉडेल हिरवट ढेकळासारखं दिसतं. शिवाय बाटलीतला रंग खऱ्या रणगाड्याशी कितीही जुळता असला, तरी हातभर अंतरावरच्या छोट्या वस्तूवर तो जास्त गडद दिसतो. आम्ही टॅमियाचा एक्सएफ-६२ घेतला. तळाशी आणि सांध्यांजवळ तो तसाच, वर येऊ तसा त्यात फिकट बदामी थोडा थोडा वाढवत नेला. बुरुजाचं छत सगळ्यात उजळ. काकांना हे पटायला वेळ लागला. "लष्करी रंग असा टप्प्याटप्प्याने फिका नसतो," ते म्हणाले. मी त्यांच्या दारातल्या जुन्या मोटारीकडे बोट दाखवलं. टप उन्हाने विटलेला, दारांची खालची पट्टी गडद. मग ते तयार झाले.

इथून पुढचं काम त्यांनी एकट्याने केलं आणि चांगलं केलं. सांध्यांसाठी कॅमलचा तपकिरी तेलरंग आधी पुठ्ठ्यावर तासभर ठेवून त्यातलं तेल शोषू दिलं, मग वासरहित थिनरमध्ये पातळ करून बारीक कुंचल्याने फक्त बोल्टभोवती आणि वेल्डिंगच्या कडेला सोडला. खरचटलेल्या रंगाच्या चिरा त्यांनी जवळजवळ केल्याच नाहीत. वडिलांनी धूळ सांगितली होती, गंज नव्हे.

धुळीवरून मात्र आमचं जुंपलं. काकांना गावच्या शेतातली माती वापरायची होती. भावना मला कळत होती, तरी मी नको म्हणालो. मातीचा ०.२ मिलिमीटरचा कण १:३५ मापात सात मिलिमीटरचा खडा होतो. वस्त्रगाळ केली तरी तिचा रंग आपल्या काळ्या रानाचा, आणि आम्हाला हवी होती इटलीतल्या उन्हाळी रस्त्याची फिकी, पिठूळ धूळ. शेवटी खडूच्या पेस्टल कांड्या घासून केलेली भुकटी वापरली: पांढरा, बदामी आणि किंचित राखाडी. चाकांवर आणि पट्ट्यांवर दाट, वर विरळ, इंजिनाच्या जाळीवर हाताने पुसून टाकल्यासारखी. तिथे कुणीतरी बसून गेलं आहे असं दिसावं, ही काकांची कल्पना. शेतातली माती त्यांनी छोट्या पुडीत बांधून लाकडी बैठकीच्या खालच्या खोबणीत ठेवली.

लाटेसारखा राहिलेला डावा कोपरा त्यांनी गुंडाळलेल्या ताडपत्रीखाली घेतला. टिश्यू पेपर पातळ फेविकॉलमध्ये बुडवून वळकटी केली आणि दोऱ्याने बांधली. रणगाड्यांवर मागे असं सामान लादलेलं असेच, त्यामुळे ती उपरी वाटत नाही.

शेवटचा पेच

पंचमीला चार दिवस उरले. नोंदणी क्रमांक आणि तुकडीच्या खुणांचे डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचे पातळ छाप, लावून झाले होते. त्यासाठी मारलेला चमकदार वॉर्निश तसाच होता. आता सगळ्यावर मॅट, म्हणजे चमक घालवणाऱ्या, वॉर्निशचा एक हात दिला की काम पूर्ण. आणि पाऊस परत लागला. आकडा ९० च्या वर.

मॅट वॉर्निश दमट हवेत मारला तर तो पांढुरका धरू शकतो, आणि तेव्हा त्याच्याखाली दोन महिन्यांचं पूर्ण रंगकाम असतं. तिथे अल्कोहोलमध्ये बुडवून परत सुरुवात करता येत नाही. काका द्विधा होते. काचेच्या पेटीत चकाकणारा रणगाडा त्यांना खेळण्यासारखा वाटत होता. उबदार पेटी आहे, मॉडेल कोमट करून एक झटपट हात मारू, असं त्यांचं म्हणणं. मी फोनवर पहिल्यांदाच स्पष्ट नाही म्हणालो. पेटी मॉडेल कोमट करते, शेडमधली हवा नाही. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मार्चमध्ये असं ठाम बोलला असतास तर बरं झालं असतं." हे मला मिळायलाच हवं होतं.

निष्पत्ती

रणगाडा पंचमीला फळीवर होता, मॅट हाताशिवाय. खुणांच्या भोवती चमक दिसत होती आणि एका डिकलखाली हवा राहून रुपेरी झाक आली होती. जमलेल्यांपैकी कुणी त्याबद्दल बोललं नाही. काकांच्या थोरल्या चुलत्यांनी, वय नव्वदच्या पुढे, बोट लावून विचारलं की दादा, म्हणजे काकांचे वडील, बसले होते ती जागा कुठली. काकांनी जाळी दाखवली.

कार्तिकात, ४५ टक्के आर्द्रतेच्या एका दुपारी, डिकलमधली हवा सुईने टोचून, वर मऊ करणारं द्रावण सोडून बसवली आणि मॅटचे दोन पातळ हात दिले. पाच मिनिटांत धूळ धुळीसारखी दिसायला लागली.

काय वेगळं करता आलं असतं

माझ्याकडून: सल्ला देताना ऋतू सांगायला हवा होता. "हा प्रायमर चालतो" हे वाक्य अंतर, तापमान आणि आर्द्रता यांच्याशिवाय अर्धंच आहे. काका जोडकामाला तीन महिने घेतात हे मला ठाऊक होतं, म्हणजे मार्चचा प्रश्न जुलैत वापरला जाणार हेही हिशेबाने कळायला हवं होतं. कंप्रेसरची बाटली न बघता निघणं ही सरळ निष्काळजी.

काकांकडून: चमच्यावर एक फवारा. त्या संध्याकाळी एका चमच्यावर मारून सकाळपर्यंत थांबले असते तर दुधाळपणा आणि खरखर दोन्ही चमच्यावर दिसले असते. आणि थिनर मॉडेलला लावण्याआधी किटच्या उरलेल्या काडीला, ज्या काडीवरून भाग तोडतो तिला, लावून पाहायचं होतं. प्लॅस्टिक तेच असतं.

दोघांकडून: वेळापत्रक उलटं मांडायला हवं होतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर जोडकाम, घासकाम, कुंचल्याचं काम करावं, आणि फवारणीची कामं, विशेषतः प्रायमर आणि शेवटचा मॅट, शक्य तेवढी कोरड्या महिन्यांत ढकलावीत. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांना बाकीच्या महिन्यांतही दुपारचा आकडा बघूनच सुरुवात करावी लागेल.

एका गोष्टीवर आमचं अजून एकमत नाही. मला वाटतं खालचा सांगाडाही उघडा करायला हवा होता. उजव्या बाजूला, धुळीच्या खाली, प्रकाश तिरका पडला की खरखर अजून दिसते. काकांना ती चालते. सध्या त्यांनी दुसरं एम४ए४ जोडायला घेतलं आहे, आणि शेडमधला आर्द्रतामापक अजून टांगलेलाच आहे. त्याच्याखाली खिळ्याला एक वही अडकवलेली आहे, तारीख, वेळ, तापमान आणि टक्के असे चार रकाने आखलेली.